मातृदुधात मिसळायच्या पुड्या: पाकिटाच्या मागची बाजू

मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे नळीतून दिले जाणारे दूध थोडे वाढू लागले आणि ते त्याला पचूही लागले, की एनआयसीयूतले, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातले, डॉक्टर एके दिवशी चिठ्ठीवर ‘एचएमएफ’ एवढेच लिहून देतात आणि घरचे कोणीतरी खालच्या मेडिकलमध्ये धावते. ह्यूमन मिल्क फोर्टिफायर म्हणजे आईच्या काढलेल्या दुधात मिसळायची पांढरी पूड. ती एक-दोन ग्रॅमच्या पुड्यांमध्ये मिळते आणि तिच्यात प्रथिने, पिष्टमय पदार्थ, कमीअधिक स्निग्धांश, कॅल्शियम, फॉस्फरस व जीवनसत्त्वे असतात. आमच्या मुलीला अशा दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुड्या दिल्या गेल्या, आधी एक आणि नंतर दुसरी, आणि हा आढावा त्या दोन्हींचा आहे. कंपन्यांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही. अर्भकांच्या दुग्धपर्यायांची जाहिरात व प्रसार करण्यास आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि एखाद्या आईने नावानिशी केलेले कौतुक कितीही प्रामाणिक असले तरी ते त्या बंदीच्या हेतूशी जुळत नाही, असे मला वाटते. शिवाय कंपन्या घटकांचे प्रमाण अधूनमधून बदलत असतात. पाकीट वाचता आले, तर नावावाचून काही अडत नाही.

मुलगी २९ व्या आठवड्यात जन्मली, तेव्हा तिचे वजन ११५० ग्रॅम होते. पुड्या सुरू झाल्या तेव्हा ते १३०० ग्रॅमच्या आसपास आले होते, आणि पुढची सगळी आकडेमोड मी सोयीसाठी याच वजनावर केली आहे.

आईचे दूध असताना वरून पूड कशासाठी, हा प्रश्न आमच्या घरातल्या प्रत्येकाने विचारला. सासूबाईंनी तर जरा रागानेच विचारला. त्याचे उत्तर असे, की दूध पूर्ण दिवसांच्या बाळासाठी उत्तमच असते, परंतु २९ आठवड्यांच्या बाळाने अजून दूध प्यायचेच नव्हते. त्याला वारेतून अखंड अमिनो आम्ले मिळत राहायची होती. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाचे वजन रोज दर किलोमागे साधारण १५ ते २० ग्रॅमने वाढते आणि त्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो. हाडांत भरणारे कॅल्शियम आणि फॉस्फरसही बहुतांशी याच काळात साठते. कमी दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिने थोडी जास्त असतात, ही निसर्गाने केलेली सोय खरी, पण काही आठवड्यांतच ते प्रमाण उतरत १०० मिलिलिटरमागे सुमारे १.१ ग्रॅमवर येते. आमच्या मुलीला दर किलोमागे दिवसाला १६० मिलिलिटर, म्हणजे एकूण २०८ मिलिलिटर दूध मिळत होते. त्यातून तिला दर किलोमागे पावणेदोन ग्रॅमच प्रथिने पोचत होती. बालकांच्या पचन व पोषणाचा अभ्यास करणाऱ्या युरोपीय संघटनेने २०२२ साली अशा बाळांसाठी सांगितलेले प्रमाण दर किलोमागे साडेतीन ते चार ग्रॅम आहे. दूध दुप्पट पाजून ही तूट भरून निघत नाही, कारण तेवढे पाणी या बाळांच्या हृदयाला आणि फुप्फुसांना झेपत नाही. पुडीचे प्रयोजन एवढेच आणि इतके नेमके आहे.

आता दोन पुड्यांकडे वळू. दोन्ही डब्यांवर पुढून जवळपास सारखीच आश्वासने छापलेली होती, दोन्ही गाईच्या दुधातील प्रथिनांपासून बनवलेल्या होत्या, आणि मेडिकलवाल्या दादांच्या लेखी तर ‘दोन्ही एकच, ताई’. मागच्या बाजूचा तक्ता मात्र वेगळेच सांगत होता. पहिल्या कंपनीची एक पुडी ५० मिलिलिटर दुधासाठी होती आणि तिने १०० मिलिलिटर दुधामागे प्रथिनांत अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, म्हणजे सुमारे ०.४ ग्रॅमची भर पडत होती. दुसऱ्या कंपनीची पुडी २५ मिलिलिटर दुधासाठी होती आणि १०० मिलिलिटरमागे सव्वा ग्रॅमच्या आसपास प्रथिने वाढवत होती. हा फरक प्रथम ध्यानात येत नाही, कारण एका तक्त्यात आकडे ‘प्रति पुडी’ दिलेले असतात, दुसऱ्यात ‘प्रति १०० ग्रॅम पूड’, आणि कुठे ‘तयार दुधाच्या प्रति १०० मिलिलिटर’, ज्यात आईच्या दुधातील प्रथिने गृहीत धरून आधीच मिळवलेली असतात. मी वहीत सगळे एका मापावर आणून ठेवले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. नुसत्या दुधातून दर किलोमागे पावणेदोन ग्रॅम, पहिली पुडी घातल्यावर २.४ ग्रॅम, आणि दुसरी घातल्यावर पावणेचार ग्रॅमच्या घरात. म्हणजे पहिली पुडी नियमाने आणि काळजीपूर्वक देऊनही बाळ प्रथिनांच्या बाबतीत उपाशीच राहत होते, आणि आम्ही सगळे मात्र ‘पुडी चालू आहे’ या समाधानात होतो.

पहिल्या पुडीबाबत माझी मुख्य तक्रार हीच आहे, आणि ती अधिक गंभीर होण्याचे कारण असे, की त्या पुडीनेही वजन वाढते. तिच्यात पिष्टमय पदार्थांचा वाटा मोठा होता. त्यातून उष्मांक मिळतात, काट्यावर ग्रॅम दिसतात, आणि सिस्टर कौतुकाने सांगतात, ‘ताई, आज वीस ग्रॅम वाढली हो!’ ते वीस ग्रॅम नेमके कशाचे आहेत, हे काटा सांगत नाही. स्नायू बांधायला अमिनो आम्ले लागतात आणि उष्मांकही लागतात. उष्मांक भरपूर आणि प्रथिने अपुरी असतील, तर जास्तीचे उष्मांक चरबीच्या रूपाने साठतात. कित्येक ठिकाणी वजन अडले की दुधात खोबरेल तेल किंवा तशाच प्रकारचे तेल घालतात. त्यामागे डॉक्टरांचे कारण असू शकते, पण प्रथिनांची तूट तेलाने भरून निघत नाही, हे पालकांना कोणीतरी सांगायला हवे.

मुदतपूर्व जन्मलेली बाळे मूळ प्रसूतीच्या तारखेपर्यंत पोचतात तेव्हा पूर्ण दिवसांच्या बाळांच्या तुलनेत वजनाने आणि लांबीने कमी असतात, तरीही त्यांच्या शरीरातील चरबीचे शेकडा प्रमाण अधिक आढळते आणि स्नायू व इतर चरबीविरहित ऊतींचा भाग कमी पडतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्याचा निष्कर्ष असाच होता. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली होती, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी २.७ किलोची आपली बाळे ३.५ किलोच्या इंग्रज बाळांहून बहुतेक सर्वच मापांत लहान भरली. स्नायूंत आणि पोटातील अवयवांत ती सर्वाधिक मागे होती, तर पाठीवरच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने पुष्कळ टिकून होती. ती बाळे पूर्ण दिवसांची होती, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा आमच्या मुलीला लावता येणार नाही. तरीही बाळ अंगाने लहान असूनही चरबीने भरलेले असू शकते, ही गोष्ट ज्या पुण्यातून जगाला कळली, त्याच पुण्यातल्या वॉर्डात रोजच्या वाढीचा निकाल फक्त काट्यावर लागावा, याची मला गंमत वाटली आणि थोडी चीडही आली.

प्रथिने पोटात गेल्यावर स्नायूपर्यंत कशी पोचतात, याविषयी ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधील टेरेसा डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या नवजात पिलांवर दीर्घकाळ काम केले आहे. दूध पोटात गेल्यावर रक्तात इन्सुलिन आणि अमिनो आम्ले वाढतात आणि ही दोन्ही मिळून स्नायूंतील प्रथिननिर्मितीला चालना देतात. त्यातही ल्युसिन हे अमिनो आम्ल इशाऱ्यासारखे काम करते. नवजात अवस्थेत ही चालना फार जोरकस असते आणि वय वाढते तशी ती मंदावते. तेवढेच दूध पंपाने संततधार देण्याऐवजी ठरावीक अंतराने एकदम दिले, तर पिलांच्या स्नायूंची वाढ अधिक झाल्याचेही त्यांना दिसले. मुदतीआधी जन्मलेल्या पिलांत मात्र हा प्रतिसाद क्षीण आढळला, आणि ही बाब आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे: कमी दिवसांच्या शरीराला प्रथिने जास्त हवी असतात आणि मिळालेल्या प्रथिनांतून स्नायू घडवण्याची त्याची क्षमता मात्र तुलनेने कमी असते. पिलांवरचे निष्कर्ष बाळांना थेट लावू नयेत, हे खरे. आमच्या वॉर्डात दर तीन तासांनी सिरिंज उंच धरून दूध नळीतून आपोआप उतरू देत, म्हणजे आठ वेळा सुमारे २६ मिलिलिटर. पंपाने सावकाश दूध देताना त्यातील स्निग्धांश नळीला चिकटून वाया जातो, या साध्या कारणासाठीसुद्धा जिथे बाळाला सोसते तिथे मला ही पद्धत पटते.

दुसरी पुडी सुरू झाल्यावर काय फरक पडला? वजन आधीपेक्षा बऱ्या गतीने वाढले, पण त्याचे सगळे श्रेय मी पुडीला देणार नाही. त्याच सुमारास तिचा ऑक्सिजन निघाला होता आणि छातीशी धरून ठेवण्याचे तासही वाढले होते. मोठ्या प्रमाणावर पाहायचे, तर उपचारांच्या अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० सालच्या आढाव्याचे आकडे माफक आहेत. पूड मिसळलेल्या दुधावरील बाळांचे वजन न मिसळलेल्यांच्या तुलनेत दिवसाला दर किलोमागे १.८ ग्रॅमच्या आसपास, आणि लांबी आठवड्याला एक मिलिमीटरच्या आसपास जास्त वाढली. त्या चाचण्यांमध्ये नाना प्रकारच्या पुड्या होत्या. पुडीकडून चमत्काराची अपेक्षा ठेवणाऱ्याने हे आकडे आधी वाचावेत.

मला खरा उपयोग झाला तो लांबीच्या मापाचा. लांबी चरबीने वाढत नाही, म्हणून हाडे आणि स्नायू यांच्या वाढीचा घरच्यांना कळेल असा अंदाज तिच्यातून येतो. गर्भाशयात ती आठवड्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असते. परंतु लांबी नीट मोजायला डोक्याशी पक्की आणि पायाशी सरकती फळी असलेला बोर्ड आणि दोन माणसे लागतात, आणि आमच्या वॉर्डात ती बऱ्याचदा मोजपट्टीने, एकाच सिस्टरकडून, बाळ पाय आखडून घेत असताना मोजली जाई. एका आठवड्यात मुलगी कागदोपत्री अर्धा सेंटिमीटर आखूड झाली! विनंती केल्यावर बोर्ड आला आणि त्यानंतरचे आकडे विश्वासार्ह झाले. ज्या आलेखावर ते भरले गेले तो इंटरग्रोथ-२१ या प्रकल्पाचा होता, आणि जगातल्या ज्या आठ ठिकाणच्या मातांच्या व बाळांच्या मापांवरून तो प्रकल्प उभा राहिला त्यांत आपले नागपूर आहे. ‘आपल्या बाळांना परदेशी आलेख कसा चालेल’, असे विचारणाऱ्या नातेवाइकांना मी हे उत्तर देत असे.

वापरण्याच्या दृष्टीने दोन्ही पुड्यांत उणिवा आहेत. पहिली चटकन विरघळते. दुसरीच्या बारीक गुठळ्या सिरिंजच्या टोकाशी अडकतात, म्हणून दूध शरीराच्या तापमानाइतके कोमट असताना थोडे-थोडे करून घालावी लागते आणि जोरात हलवले तर फेस येतो. सव्वीस मिलिलिटरला एक पुडी हा हिशेब तिच्या बाबतीत फार सोयीचा पडला. पहिलीच्या बाबतीत मात्र अर्धी पुडी घालून अर्धी दुमडून ठेवण्याचा प्रकार मी पाहिला, आणि तो मुळीच करू नये. ही पूड निर्जंतुक नसते, हे पाकिटावर बारीक अक्षरांत का असेना लिहिलेले असते, आणि उघडी राहिलेली पुडी म्हणजे जंतूंना आमंत्रण. परदेशांत काही ठिकाणी याच कारणासाठी द्रवरूप फोर्टिफायर वापरतात. मिसळलेले दूध फार वेळ ठेवणेही बरे नाही, कारण पुडीतील पिष्टमय पदार्थ दुधातल्याच विकरांमुळे तुटत जाऊन मिश्रण अधिकाधिक तीव्र होते आणि ते कोवळ्या आतड्याला सोसेलच असे नाही. आम्ही प्रत्येक वेळी ताजे मिसळत असू. दुसऱ्या पुडीची फाडायची खाच मात्र हात धुतल्यावर, म्हणजे नेमकी वापरायच्या वेळी, फाटत नाही. तिच्या कंपनीने याचा विचार करावा.

पचनाचे म्हणाल तर दुसऱ्या पुडीच्या सुरुवातीला शौच घट्ट झाली आणि एकदा पोट फुगल्यासारखे वाटल्याने डॉक्टरांनी दोन वेळचे दूध पुडीशिवाय दिले, त्यानंतर त्रास झाला नाही. आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा जो भयंकर आजार या बाळांना होतो, त्याची धास्ती प्रत्येक पालकाला असते. कॉक्रेनच्या आढाव्यात पुडीमुळे तो धोका वाढल्याचे आढळले नाही, तरी पोट फुगणे, हिरवी उलटी किंवा शौचातून रक्त दिसले तर पुडी आणि दूध दोन्हींचा निर्णय तत्काळ डॉक्टरांवर सोपवावा. मानवी दुधापासूनच बनवलेले फोर्टिफायर गाईची प्रथिने टाळते, पण ते अतिशय महाग असते, आणि मानवी दुधाच्या व्यापारीकरणाविरुद्ध अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये स्पष्ट सूचना काढलेली आहे, हे कोणी असे उत्पादन पुढे केले तर लक्षात असू द्यावे.

मध्यंतरी काही दिवस माझे दूध कमी पडले तेव्हा मुलीला दुग्धपेढीतले दूध मिळाले. दान केलेल्या दुधाची ही व्यवस्था महाराष्ट्राला नवी नाही. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पेढीतले दूध ६२.५ अंश सेल्सियसला अर्धा तास तापवून सुरक्षित करतात. ते बहुधा पूर्ण दिवसांनी बाळंत झालेल्या आणि महिने लोटलेल्या मातांचे असल्याने त्यात प्रथिने आणखी कमी असतात. ती १०० मिलिलिटरमागे ०.९ ग्रॅम धरली, तर पहिल्या पुडीसह दर किलोमागे जेमतेम दोन ग्रॅम पोचतात आणि दुसरीसहही साडेतीनला थोडे कमीच पडतात. दूध बदलले की हिशेब बदलतो, हे मला कोणी आपणहून सांगितले नाही. विचारल्यावर डॉक्टरांनी रक्तातील युरिया तपासून प्रमाण कमीजास्त करण्याची पद्धत समजावली आणि ती अवलंबलीही. युरिया फार कमी असेल तर प्रथिने अपुरी पडत आहेत, असा त्याचा ढोबळ अर्थ.

पाचपैकी गुण द्यायचे, तर पहिल्या पुडीला मी दोन देईन, तेही कॅल्शियम-फॉस्फरससाठी आणि सहज विरघळते म्हणून. दुसरीला चार. ती महाग पडते, कारण दिवसाला चार-पाचऐवजी आठ पुड्या लागतात आणि लहान गावांतल्या दुकानांत ती मागवून घ्यावी लागते. परंतु एका पुडीच्या किमतीऐवजी मिळणाऱ्या प्रथिनांच्या दर ग्रॅममागची किंमत काढली तर ती पहिलीपेक्षा स्वस्त निघाली.

मुलगी १९०० ग्रॅमच्या पुढे गेल्यावर आणि स्वतः अंगावर पिऊ लागल्यावर पुड्या बंद झाल्या, कारण थेट अंगावर पिणाऱ्या बाळाच्या दुधात पूड मिसळणार कशी? घरी येताना लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब मिळाले. या बाळांना लोह सहा महिन्यांपर्यंत दर किलोमागे दोन ते चार मिलिग्रॅम द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्याच २०२२ सालच्या शिफारशींनुसार दुधात पूड मिसळणे हा सर्वच लहान बाळांसाठीचा नित्याचा उपाय नव्हे. ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी तिचा विचार करता येतो. आमच्या ओळखीतल्या एकांनी ३४ आठवड्यांच्या, दोन किलोहून अधिक वजनाच्या आपल्या नातवासाठी उरलेल्या पुड्या मागितल्या. बाळ अंगावर नीट पीत होते. मी पुड्या दिल्या नाहीत, आणि त्याच्या डॉक्टरांकडून लांबी बोर्डावर मोजून घ्या, असे सुचवले.